उसाच्या मळ्यातली बुद्धमंदिरं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हवाई बेटांवर जपानी ऊसमजुरांनी उभारलेल्या बौद्ध मंदिरांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्या प्रश्नांना नेमकं उत्तर देता येतं, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : ही मंदिरं नक्की उभारली कुणी? जपान सरकारनं, क्योतोच्या धर्मपीठानं, की मजुरांनी स्वतः?

मजुरांनी. सरकारनं माणसं पाठवली, देवळं नाही. धर्मपीठही मागाहून आलं.

१८६८ साली सुमारे दीडशे जपानी माणसं हवाईला पोचली. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. पण खरा ओघ सुरू झाला तो ८ फेब्रुवारी १८८५ ला. त्या दिवशी 'सिटी ऑफ टोकियो' हे जहाज नऊशेहून अधिक मजुरांना घेऊन होनोलुलूला लागलं. दोन्ही सरकारांमध्ये झालेला करार तीन वर्षांचा होता. महिन्याला २६ दिवस काम, शेतात रोज १० तास, साखर कारखान्यात १२. पुरुषाला महिना ९ डॉलर पगार आणि ६ डॉलर जेवणखर्च, बाईला ६ आणि ४. या करारानुसार १८९४ पर्यंत २६ जहाजफेऱ्यांमधून सुमारे २९,००० माणसं आली. त्यांतली बहुतेक हिरोशिमा, यामागुचि, कुमामोतो आणि फुकुओका या प्रांतांतली होती. हिरोशिमा आणि यामागुचि हे जोदो शिन्शू पंथाचे जुने बालेकिल्ले. आजही हवाईत याच पंथाची, त्यातही क्योतोच्या निशी होंगवांजी पीठाची मंदिरं सर्वांत जास्त दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

या माणसांना पहिली गरज पडली ती अंत्यविधीची. मळ्यावर माणूस मरायचा, पण सूत्र म्हणायला कुणी नसायचं. ज्याला थोडंफार पाठ असेल तो मजूरच पुढे होऊन म्हणायचा. ही खबर जपानला पोचली आणि ओइता प्रांतातला सोर्यू कागाही हा भिक्षू २ मार्च १८८९ ला होनोलुलूत उतरला. त्याच वर्षी हिलो गावात त्यानं पहिलं मंदिर सुरू करून दिलं आणि मदत मागण्यासाठी तो परत गेला. ख्रिस्ती वातावरणात राहणाऱ्या मजुरांना समजावं म्हणून शाश्वत बुद्ध आणि ख्रिस्ती देव यांना एकाच अर्थानं मांडायला हरकत नसावी, असं त्यानं तिकडे सुचवलं. त्यावरून वाद पेटला आणि पीठानं हात आखडता घेतला. पुढची सात-आठ वर्षं होंगवांजीचा अधिकृत माणूस हवाईत नव्हता. त्या काळात भिक्षूचा वेश घालून वर्गणी गोळा करणारे भोंदू मळ्यामळ्यांतून फिरले. शेवटी मजुरांच्या मागण्यांमुळे आणि या भोंदूंच्या तक्रारींमुळे पीठाला १८९७ मध्ये पाहणीसाठी माणूस पाठवावा लागला. १८९८ मध्ये होनी सातोमी पहिले प्रमुख म्हणून आले. १९०० मध्ये ती जबाबदारी एम्यो इमामुरा यांच्याकडे गेली आणि १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

मधल्या काळात दुसरे पंथ थांबले नव्हते. जोदो पंथाचे गाकुओ ओकाबे १८९४ मध्ये आले. हवाई बेटावरच्या हामाकुआ किनाऱ्यावर, पाआउहाउ इथे, त्यांनी १८९६ मध्ये मंदिर बांधलं. तो सगळा प्रदेश उसाचा. शिंगोन आणि सोतो झेन पुढच्या दशकात आले.

प्रश्न : महिना पंधरा डॉलर मिळवणाऱ्यांनी मंदिराचा पैसा उभा केला कसा?

तीन वाटांनी. त्यांतली तिसरी समजून घेतल्याशिवाय या मंदिरांचा पुढचा इतिहास उलगडत नाही.

पहिली वाट वर्गणीची. 'होगाचो' नावाची वही घेऊन दोघं-तिघं मळ्यावरच्या प्रत्येक वस्तीत फिरत. कुणी पाव डॉलर देई, कुणी अर्धा, मुकादम झालेला असेल तर जास्त. नाव, गाव, रक्कम अशी नोंद होई. मंदिर उभं राहिलं की हीच नावं लाकडी पाट्यांवर लिहून भिंतीला लावत. या पाट्यांवर रकमेच्या उतरत्या क्रमानं नावं असतात. त्यामुळे त्या काळात मळ्यावर कुणाची ऐपत किती होती, हेही त्यांतून कळतं.

दुसरी वाट 'तानोमोशी', म्हणजे चक्क आपली भिशी. समजा दहा जणांनी दरमहा ५ डॉलर काढले, तर दर महिन्याला ५० डॉलरचा गल्ला होतो आणि दहा महिन्यांत प्रत्येकाचा एकेक नंबर लागतो. काही वेळा आधी रक्कम हवी असलेला जास्त व्याजाची बोली लावी. यात धोका एकच, पण मोठा. नंबर लागून गेल्यावर माणूस पळून जाई. १९०० मध्ये हवाई अमेरिकेचा रीतसर प्रदेश झाला आणि करारानं बांधलेली मजुरी संपली. मग जास्त पगारासाठी हजारो लोक कॅलिफोर्नियाकडे निघाले. मार्च १९०७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी हवाईतून मुख्य भूमीवर जाण्याची ही वाट बंद करेपर्यंत तानोमोशीला जामीनदार घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

तिसरी वाट मळेवाल्या कंपनीची. जमीन तिची होती. मंदिराला जागा मिळायची ती कंपनीच्या मर्जीनं, नाममात्र भाड्यावर, आणि कित्येकदा लाकूडही तिच्याच वखारीतून. कंपनी हे का करत होती? १९०४ मध्ये ओआहू बेटावर वाइपाहू मळ्यात संप झाला. व्यवस्थापनानं इमामुरांना बोलावलं, ते मजुरांशी बोलले आणि लोक कामावर परतले. भिक्षू हा मजुरांना शांत ठेवणारा माणूस आहे, असा हिशेब मळेवाल्यांनी तेव्हापासून मनाशी पक्का केला. पुढे मंदिरांना जागा आणि देणग्या सहज मिळू लागल्या.

एवढ्यावरून इमामुरांना मळेवाल्यांचा माणूस ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. १९२० च्या मोठ्या संपात ओआहूवरच्या मजुरांना दिवसाला ७७ सेंट मिळत होते, त्यांची मागणी सव्वा डॉलरची होती. जपानी आणि फिलिपिनो मजूर त्यात एकत्र उतरले. त्या वेळी इमामुरांनी इतर धर्मगुरूंबरोबर मजुरांची बाजू मळेवाल्यांपुढे मांडली. कंपन्यांनी संपकऱ्यांना घरांतून बाहेर काढलं. बायकामुलांसह १२,००० हून अधिक माणसं रस्त्यावर आली, आणि तीही इन्फ्लुएंझाची साथ सुरू असताना. त्यांतल्या अनेकांना मंदिरांनी आसरा दिला. त्यानंतर इंग्रजी वर्तमानपत्रांनी बौद्ध मंदिरांवर अमेरिकाविरोधी असल्याचा शिक्का मारला, तो पुढची पंचवीस वर्षं पुसला गेला नाही.

प्रश्न : एकाच मंदिराच्या स्थापनेची दोन-तीन वेगवेगळी सालं वाचायला मिळतात. खरं कुठलं धरायचं?

बहुधा सगळी खरी असतात, प्रत्येक साल वेगळ्या घटनेचं असतं. मजुरांच्या मंदिराला जन्माचे पाच टप्पे असू शकतात : कुणाच्या तरी खोलीत सुरू झालेलं प्रवचनमंडळ, पहिला निवासी भिक्षू, पहिली इमारत, पीठाकडून मिळालेली 'फुक्योजो' म्हणजे प्रचारकेंद्राची मान्यता, आणि शेवटी अमेरिकी कायद्याखाली झालेली संस्थेची नोंदणी. पहिल्या आणि पाचव्या टप्प्यात वीस वर्षांचं अंतर असू शकतं. शताब्दीची स्मरणिका बहुधा सर्वांत जुनं साल धरते, सरकारी दप्तर सर्वांत नवं.

त्यात इमारती जागा बदलतात. कारखाना हलला की वस्ती हलते आणि वस्तीबरोबर मंदिर. लाकडी इमारत सुटी करून दुसरीकडे जोडणं अवघड नव्हतं. म्हणून लिहिताना साल एकटं लिहू नये. 'पहिली सभा', 'पहिली इमारत', 'सध्याची इमारत' असं घटनेसकट लिहावं. यातलं काहीच ठरवता आलं नाही, तर जमिनीचा भाडेपट्टा शोधावा. त्यावर तारीख असते आणि कंपनीच्या वकिलानं ती काळजीपूर्वक घातलेली असते.

प्रश्न : छायाचित्रात आत लाकडी बाकं आणि ऑर्गन दिसतो, मूर्तीही उभी आहे. हे बौद्ध मंदिर आहे की चर्च? आणि भगवान बुद्धांची बैठी मूर्ती का नाही?

मंदिरच आहे. मूर्ती उभी आहे कारण ती शाक्यमुनींची, म्हणजे गौतम बुद्धांची नाही, अमिताभ या दुसऱ्या बुद्धाची आहे. त्याला जपानी लोक अमिदा म्हणतात. शिनरान (११७३–१२६३) यांच्या जोदो शिन्शू पंथात मुख्य मूर्ती अमिदाची असते. ती उभी, किंचित पुढे झुकलेली, उजवा हात वर, डावा खाली. मागच्या प्रभावळीतले ४८ किरण म्हणजे अमिदाच्या ४८ प्रतिज्ञा. दोन्ही बाजूंना शिनरान आणि पंथाचा विस्तार करणारे रेन्न्यो (१४१५–१४९९) यांची चित्रं टांगलेली असतात. या भागाला 'नाइजिन' म्हणतात. तो थोडा उंचावर असतो आणि भाविक तिथे चढत नाहीत. समोरचा बसण्याचा भाग 'गेजिन'. शाक्यमुनी विसरलेले नाहीत. ८ एप्रिलच्या जन्मोत्सवात फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवून तिच्यावर पळीनं गोड चहा घालतात. स्वतः शिनराननी लग्न केलं होतं, त्यामुळे या पंथाचे भिक्षू संसारी असतात. हवाईत भिक्षूच्या पत्नीशिवाय मंदिर चाललंच नसतं. मुलांना शिकवणं, शिवणवर्ग, स्वयंपाक, हिशेब हे सगळं तिच्याकडे असे.

बाकांचं कारण साधं आहे. मळ्यावर सुट्टी रविवारी, म्हणून सामुदायिक वंदना रविवारी. मुलं इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणून रविवारची धम्मशाळा, समूहगीतं आणि इंग्रजीतून प्रवचन. मांडी घालून दोन तास बसायची सवय दुसऱ्या पिढीला राहिली नव्हती. शिवाय ख्रिस्ती मळेवाल्यांच्या आणि सरकारी माणसांच्या नजरेला मंदिर परकं वाटू नये, हाही विचार होता. १९१८ मध्ये होनोलुलूत होंगवांजीचं मोठं मंदिर बांधताना इमामुरांनी जपानी उतरती छपरं टाळली. एमरी आणि वेब या वास्तुविशारदांकडून त्यांनी भारतीय घुमटांची आणि पाश्चात्त्य खांबांची मिसळ असलेली इमारत करून घेतली. बौद्ध धम्म एका देशाचा नाही, हे त्यांना भिंतींमधूनही सांगायचं होतं.

१९२४ मध्ये अर्नेस्ट हंट आणि त्यांच्या पत्नी डोरोथी या इंग्रज जोडप्याला इमामुरांनी दीक्षा दिली आणि इंग्रजी विभाग त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी तयार केलेल्या वंदनेच्या पुस्तकात पंथभेदापेक्षा मूळ बुद्धवचनांवर भर होता. इमामुरांच्या मृत्यूनंतर धोरण बदललं, १९३५ मध्ये हा विभाग बंद झाला आणि हंट सोतो झेनकडे गेले. आमच्या मते होंगवांजीनं त्या वर्षी फार मोठी संधी घालवली. इंग्रजीत धम्म समजून घेणारी तरुण पिढी तेव्हा दाराशी उभी होती.

प्रश्न : मळ्यावरची मंदिरं लाकडाचीच का? आणि ती टिकवताना सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?

लाकूड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजानं येई आणि सगळ्या मळेवस्तीची घरं त्याच लाकडाची होती. सुतारही तेच, त्यामुळे पहिली मंदिरं म्हणजे जवळजवळ मोठी मजूरघरंच. पुढे देवळाचं काम शिकलेले जपानी सुतार मिळाले तेव्हा वर दुहेरी उताराचं छप्पर आणि प्रवेशावर कमानदार पाखं आली. छपराला कौलांऐवजी पन्हळी पत्रा.

बांधणी एकपदरी भिंतीची असते. सुमारे १ इंच जाडीच्या उभ्या फळ्या खाचेत खाच बसवून लावायच्या, मध्यावर आडवी पट्टी मारायची, आत वेगळा सांगाडा नाही. छपराचा भार फळ्याच पेलतात. खाली जोतं नसतं. दगडी किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर लाकडी खांब आणि त्यांवर फरशी, म्हणजे खालून वारा खेळतो.

यात बिघाड कुठून सुरू होतो, ते ठरलेलं आहे. पहिली जागा फळीचं खालचं टोक. छपराचं पाणी जमिनीवर आपटून तिथे उडतं आणि फळी खालून कुजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, म्हणून लक्षात येत नाही. सुरीचं टोक टेकवून पाहावं, पाव इंच सहज आत गेलं तर ती फळी भार घेत नाही. उपाय म्हणजे एका वेळी दोन-तीन फळ्यांपुरता टेकू देऊन, तेवढाच कुजलेला भाग कापून, नवा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडायचा. ओळीनं सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर भिंत बसते, कारण आत सांगाडा नाही.

दुसरा शत्रू वाळवी. हवाईत तिचे दोन प्रकार त्रास देतात. कोरड्या लाकडातली वाळवी मोहरीपेक्षा बारीक दाण्यांसारखी विष्ठा टाकते, त्याचे ढीग फरशीवर दिसतात. तिच्यासाठी इमारत ताडपत्रीनं झाकून विषारी वायूची धुरी देतात. जमिनीतली फोर्मोसा वाळवी ठोकळ्यांवरून मातीच्या नळ्या करत वर चढते. तिच्यावर धुरीचा उपयोग नाही, कारण वारूळ जमिनीत राहतं. म्हणून ठोकळ्यांच्या कडेला झाडझाडोरा, जुनी लाकडं, पुठ्ठे ठेवू नयेत आणि ठोकळ्याचे चारही अंग दर महिन्याला बॅटरीनं पाहावेत. खालची मोकळी जागा बंद करून तिथे सामान भरलं, की वारा थांबतो आणि नळ्याही दिसत नाहीत. बहुतेक मंदिरांची फरशी जाते ती अशी.

तिसरं, खिळे. समुद्राचा खारा वारा साधा खिळा काही वर्षांत खातो आणि पत्रा वादळात सुटतो. पत्रा बदलताना स्टेनलेस खिळे किंवा स्क्रू आणि खाली रबरी चकती घालावी. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे तो कोरडा घासून काढू नये.

प्रश्न : आम्हाला मळ्याजवळच्या जपानी दफनभूमीतल्या शिळा वाचायच्या आहेत. जपानी येत नाही. कुठून सुरुवात करावी?

तारखेपासून. तेवढं साधलं तरी अर्धं काम होतं.

शिळेवर बहुधा जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव आणि वर्ष असतं. मेइजीच्या वर्षात १८६७ मिळवायचे, ताइशोच्या वर्षात १९११, शोवाच्या वर्षात १९२५. म्हणजे मेइजी ३२ हे १८९९, ताइशो ७ हे १९१८ आणि शोवा १६ हे १९४१. दोन कारकिर्दी एकाच वर्षात भेटतात, तिथे सांभाळावं : जुलै १९१२ च्या अखेरीपर्यंत मेइजी ४५ आणि पुढे ताइशो १. तसंच शोवाचं पहिलं वर्ष २५ डिसेंबर १९२६ ला सुरू होऊन आठवडाभरात संपलं. जपाननं युरोपीय कालगणना १ जानेवारी १८७३ पासून स्वीकारली, म्हणून त्याआधीच्या जन्मतारखा नुसतं साल बदलून जुळत नाहीत.

मग नाव. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत धम्मनाम असतं, व्यवहारातलं नाव नाही. जोदो शिन्शूत ते 'शाकु' या चिन्हानं सुरू होतं, म्हणजे शाक्यांच्या कुळातला. बाईचं असेल तर जुन्या शिळांवर 'शाकुनी'. व्यवहारातलं नाव, प्रांत आणि गाव बहुधा बाजूच्या किंवा मागच्या अंगावर सापडतं. प्रांताची चिन्हं मोजकीच असल्यानं हिरोशिमा, यामागुचि, कुमामोतो, फुकुओका एवढी चार ओळखायला शिकावी. गावाचं नाव आजच्या नकाशात सापडलं नाही तर घाबरू नये. १८८९ मध्ये जपाननं हजारो खेडी एकत्र करून नवी नावं दिली, त्यामुळे जुन्या गावांची यादी लागते.

वयात हमखास घोटाळा होतो. त्या काळी जन्मलेलं मूल एक वर्षाचं धरत आणि प्रत्येक नववर्षाला सगळ्यांचं वय एकानं वाढे. शिळेवर २५ असेल तर आपल्या हिशेबानं २४ किंवा २३. डिसेंबरात जन्मलेलं बाळ जानेवारीत 'दोन वर्षांचं' होऊन वारतं, आणि नोंदीत ते तसंच राहतं.

शिळेवर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळून अक्षरं उठवू नयेत. मळ्यावरच्या कित्येक शिळा ओल्या सिमेंटवर खिळ्यानं कोरलेल्या आहेत, घासलं की पापुद्रा सुटतो. तारेचा ब्रश आणि ब्लीच तर वर्ज्यच. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढावा, म्हणजे तिरपा प्रकाश अक्षरांच्या खाचांत सावली पाडतो. दुपारीच जावं लागलं तर एकानं आरसा धरून कडेनं उजेड टाकावा. प्रत्येक शिळेचे चारही अंग आणि एक दुरून, असे पाच फोटो घ्यावेत.

यानंतर मंदिरातली 'काकोचो', म्हणजे मृतांची वही. तिथे धम्मनामाशेजारी व्यवहारातलं नाव असतं, त्यामुळे शिळेशी जोड लागते. पण ही वही मागितल्याबरोबर मिळेल असं धरू नये. जपानमध्ये अशा वह्यांचा वापर लग्न आणि नोकरीच्या वेळी बुराकु समाजातल्या, म्हणजे जन्मावरून हीन ठरवलेल्या कुटुंबांचा माग काढण्यासाठी झाला. काही भिक्षूंनी त्या लोकांना अपमानकारक धम्मनामंही दिली होती. म्हणून पंथांनी पुढे या वह्या बाहेरच्यांना दाखवणं बंद केलं. जातीच्या नोंदीचा घाव आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. विशिष्ट नाव आणि मृत्यूचं साल लिहून भिक्षूंना पत्र द्यावं, तेच वही उघडून पाहतात आणि तेवढीच नोंद कळवतात.

प्रश्न : १९४१ ते १९४५ च्या नोंदी कुठेच का सापडत नाहीत?

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा लागला. तो २४ ऑक्टोबर १९४४ पर्यंत राहिला. भिक्षू, भाषाशाळांचे शिक्षक आणि जपानी संघटनांचे पुढारी यांची नावं आधीच यादीत होती. पहिल्या काही तासांतच धरपकड सुरू झाली. त्यांना होनोलुलूजवळच्या सँड आयलंडवर आणि पुढे मुख्य भूमीवरच्या छावण्यांत नेलं. मार्च १९४३ मध्ये ओआहूवरच होनोउलिउली ही छावणी उघडली. हवाईतल्या सगळ्याच जपान्यांना डांबणं शक्य नव्हतं, कारण तेच साखर आणि बंदरं चालवत होते. म्हणून पुढारी उचलले, आणि त्यात बौद्ध भिक्षू मोठ्या संख्येनं होते.

मंदिरं बंद झाली, काहींचा ताबा लष्करानं घेतला. घराघरांतून लोकांनी जपानी पत्रं, फोटो, कागद जाळले किंवा जमिनीत पुरले. मंदिरांच्या सभावृत्तांतांतही मोठी खिंडारं दिसतात. ही वर्षं भरून काढायची तर लष्कराच्या कैदनोंदी आणि इंग्रजी वर्तमानपत्रं यांकडे वळावं लागतं. एक गोष्ट तिथे ठळकपणे दिसते. याच मंदिरांच्या धम्मशाळांत शिकलेली मुलं अमेरिकी सैन्याच्या १०० व्या बटालियनमधून आणि ४४२ व्या पथकातून इटली-फ्रान्समध्ये लढत होती. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्मासाठी प्रोटेस्टंट, कॅथॉलिक आणि हिब्रू अशी तीनच अक्षरं होती. बौद्ध सैनिकासाठी अक्षर नव्हतं.

प्रश्न : हवाईच्या या बौद्ध परंपरेचा भारताशी काही संबंध आला का?

आला. श्रीलंकेचे बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपाल १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेहून परतताना होनोलुलूत थांबले. तिथे त्यांना मेरी फॉस्टर भेटल्या. त्या हवाईच्या राजघराण्याशी नातं असलेल्या श्रीमंत बाई होत्या. त्यांनी पुढे आयुष्यभर महाबोधी सभेला मोठमोठ्या देणग्या दिल्या. सारनाथचं मूलगंधकुटी विहार, जे नोव्हेंबर १९३१ मध्ये खुलं झालं, त्यात त्यांचा पैसा आहे. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं धर्मपालांकडून आलेलं रोप त्यांच्या होनोलुलूतल्या बागेत वाढलं, ती बाग आता सार्वजनिक आहे.

प्रश्न : आज काय शिल्लक आहे? पाहायला गेलं तर काय लक्षात ठेवावं?

साखर गेली. हामाकुआचा कारखाना १९९४ मध्ये बंद झाला, हवाईतला शेवटचा २०१६ मध्ये. मळे विकले गेले तेव्हा जमिनीची मालकी ज्या मंदिरांनी वेळेत मिळवली होती, ती टिकली. ज्यांच्या हातात फक्त जुना भाडेपट्टा होता, त्यांना जागा विकत घ्यावी लागली किंवा सोडावी लागली. तरुण शहरात गेले, म्हणून एकेका भिक्षूकडे आता दोन-तीन मंदिरं असतात. ८ ऑगस्ट २०२३ च्या माउई बेटावरच्या वणव्यात लाहाइना गावातली होंगवांजी, जोदो आणि शिंगोन ही तिन्ही मंदिरं जळाली. जोदो मंदिरातली उघड्यावरची अमिदाची कांस्यमूर्ती मात्र उभी राहिली. जपान्यांच्या आगमनाला शंभर वर्षं झाली म्हणून ती १९६८ मध्ये बसवली होती.

काउआई बेटावर लावाई दरीत १९०४ मध्ये मजुरांनी टेकडीच्या उतारावर ८८ छोटी देवळं बांधली. जपानच्या शिकोकू बेटावरची ८८ ठिकाणांची यात्रा ज्यांना परत जाऊन करता येणार नव्हती, त्यांच्यासाठी. ती आता दुरुस्त केलेली आहेत. वेळ थोडा असेल तर आम्ही हेच ठिकाण सुचवू.

रविवारच्या वंदनेला कुणीही बसू शकतं. साधारण तासभर लागतो. बाहेरची घंटा वाजायच्या आत जाऊन बसावं. उदबत्ती असेल तर होंगवांजी मंदिरात ती उभी खोचत नाहीत, मोडून राखेत आडवी ठेवतात. भुकटीचा धूप असेल तर चिमूट एकदाच घालायची, कपाळाला न लावता. सोतो मंदिरात दोनदा घालतात आणि पहिली चिमूट कपाळाशी नेतात. नेमकं आठवत नसेल तर पुढच्या माणसाकडे पाहून करावं. नाइजिनमध्ये पाऊल टाकू नये आणि अस्थिकलशांच्या दालनात फोटो काढू नये. जून ते ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी गेलात तर बोन नृत्य, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणातलं सामुदायिक नृत्य, मिळेल. मंदिरं एकमेकांच्या तारखा टाळून आपापली ठरवतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहावं. मधल्या मचाणावर ढोल असतो आणि भोवती गोल फिरत नाचतात. नवख्यानं आतल्या वर्तुळात शिरू नये. तिथे जाणती मंडळी असतात, त्यांच्याकडे पाहत बाहेरच्या वर्तुळात नाचावं.